उजेडनगरची पिवळी पूड

तोरण्याच्या पायथ्याशी, पठारवाडीच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाचा मोठा सडा आहे. गुरं आणि ढग सोडले तर तिथं आजवर फारसं कुणी रेंगाळलं नव्हतं. यंदा दिवाळी सरल्यावर पुण्याहून गाड्या आल्या, माणसं उतरली आणि बघता बघता त्यांनी त्या सड्याचं पुढच्या शतकातलं गाव करून टाकलं. पत्र्याचे चंदेरी खांब, प्रत्येक खांबावर दिवा आणि मधोमध पाटी: उजेडनगर. वाडीतल्या म्हशी पहिल्या दिवशी त्या खांबांना बुजल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना अंग घासायला लागल्या. म्हशींचं बरं असतं. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे त्या लवकर ठरवून मोकळ्या होतात.

टीव्हीवरच्या मालिकेचं शूटिंग होतं. मालिका विज्ञानकथेची, म्हणजे अजून न घडलेलं घडल्यासारखं दाखवणारी. तिला गर्दी हवी होती, आणि गर्दी जमवायचं काम गोरखकडं आलं. वाडीत बाहेरून कुठलंही काम आलं की ते गोरखच्याच गळ्यात पडतं. कारण 'वेल्ह्याची खबर' हा मोबाईलवरचा ग्रुप तो चालवतो आणि निम्म्या तालुक्याचे नंबर त्याच्याकडं आहेत. त्यानं वाडीतलं एकेक दार वाजवलं. एका दारापाशी मात्र त्याचा पाय अडखळला. ते त्याच्या चुलतीचं, चंद्राबाईचं दार होतं. पण माणसं कमी पडत होती. तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला, "काकी, येनार का शूटिंगला? नुसतं गर्दीत हुबं ऱ्हायचंय."

"मला चालतंय," चंद्राबाई म्हणाली. "गर्दीला चालतंय का, ते इचार आधी."

गोरखनं चपलेनं उंबऱ्याची माती उकरली, "या मग सकाळी" एवढं पुटपुटला आणि सटकला.

आता हे असं का, ते सांगायला हवं. चंद्राबाई पन्नाशीची, कपाळ रुंद, बोलणं तोडून टाकणारं. नवरा गेल्यापासून चार म्हशी आणि एक खोप यांवर तिचं चाललं होतं. गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या जिथं थांबतात, त्या सपाटीच्या कडेला ती खोप. तिथं ती ताक आणि पिठलं-भाकरी विकायची. जागा गावकीची. दरवर्षी खंडोबाच्या देवळात बसून गावकी ठरवते, जागा कुणाला द्यायची, आणि आजवर 'चंद्राकडंच राहू द्या' यापलीकडं कुणी काही बोललं नव्हतं.

मग पावसाळ्यात कुणा पाहुण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ काढला. म्हशी बसतात त्या डबक्यातून चंद्राबाई तांब्यानं गढूळ पाणी घेते आणि निळ्या कॅनमध्ये ओतते. बास, एवढंच. ताकाचा कॅनही निळाच होता. व्हिडिओ ग्रुपवर आला, आणि गोरखनं त्याखाली मतदान लावलं: 'चंद्राबाईचा धंदा बंद करावा का? होय की नाही?' त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. लोक विचारत होते, त्यानं लोकांनाच विचारलं. हल्ली एवढं केलं की माणसाला आपण फार न्यायानं वागलो असं वाटतं.

अंगठे पडत गेले. आकडा चढत होता आणि चंद्राबाई मोबाईल मांडीवर घेऊन तो बघत बसली होती. मोबाईल जुना, सारोळ्याला दिलेल्या लेकीनं, स्वप्नालीनं दिलेला. कुणी कुठं मत दिलं, ते नावासकट दिसत होतं. त्यात वेल्ह्याच्या बाजारातली नावं होती, नुसतं तोंड ओळखीचं असलेली होती, आणि वाडीतलीही होती. तिनं बोलून निरोप पाठवला, "आरं बाबांनो, ते पारडाच्या आंबोनाचं, पेंड-भुसा भिजवायचं पानी हाय. ताकाचा कॅन येगळा." त्याखाली कुणीतरी हसरं तोंड चिकटवलं. बाकी कुणी तो ऐकलाही नसावा. त्यानंतर खोपीपुढं गाड्या थांबायच्या, माणसं उतरायची, मोबाईलमध्ये बघायची आणि पुढच्या टपरीकडं जायची. येत्या रविवारी गावकी बसणार होती. जागा जाणार, हे चंद्राबाईला सांगायला कुणा जोशाची गरज नव्हती.

अशी मतदानं ग्रुपवर नवी नव्हती. गेल्या साली सोनबाचं झालं होतं. सोनबा खालच्या गावचा. टेम्पोतून वाडीवस्तीचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा. तो दुधात पाणी मिसळतो असं कुणीतरी लिहिलं. 'सोनबाला दूध घालायचं का?' असं मतदान झालं, आणि सगळ्या वाडीनं 'नाही'वर अंगठा दाबला. चंद्राबाईनंही दाबला. सगळे दाबत होते. मग सोनबा टेम्पो विकून कापूरहोळला कुठंसं पंक्चर काढायला गेला, आणि वाडी त्याला विसरून गेली. चंद्राबाईही विसरली. आपल्यावर बेतलेलं तेवढं माणसाच्या ध्यानात राहतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी सड्यावर जमली. सगळ्यांना चंदेरी अंगरखे दिले होते. खताच्या पोत्याच्या आतल्या कागदासारखे ते वाजत होते. हरिबा म्हातारा, गावकीचा मुख्य आणि खंडोबाचा पुजारी, पागोट्याखाली तो अंगरखा घालून असा काही उभा होता की त्याच्या सुनेला हसू आवरेना. म्हाताऱ्या सखूबाईनं अंगरखा लुगड्यावरूनच चढवला आणि ती खडकावर टेकली. तिच्या शेजारी बरीच जागा मोकळी होती. पण बाकीच्या बाया दुसरीकडं दाटीवाटीनं बसल्या, कारण सखूबाईच्या पलीकडं चंद्राबाई बसली होती.

मालिकेची दिग्दर्शक शेफाली नावाची मुलगी होती. तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं नाक सोललेली, आवाज बसलेला. तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. वाडीला ते आवडलं. एरवी शूटिंगवाले नुसते 'इकडं सरका, तिकडं सरका' करतात.

"हे शंभर वर्षांनंतरचं गाव आहे," ती म्हणाली. "इथं कोर्ट नाही, पोलीस नाहीत. एखाद्याबद्दल तक्रार आली की सगळं गाव मत देतं. दोषी ठरला की त्याच्या दारावरचा दिवा विझतो, आणि लोक त्याच्या अंगावर ही पिवळी पूड टाकतात. गावातली यंत्रं पिवळ्या माणसाला ओळखत नाहीत. त्याला दार उघडत नाही, पाणी मिळत नाही. माणसांनीही त्याच्याशी बोलायचं नाही. तो असून नसल्यासारखा होतो. कळलं?"

"कळलं की," सखूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पन शंबर वर्सं कशाला, मॅडम? आमच्या वाडीत आवंदाच झालं."

अंगरख्यांचा आवाज एकदम थांबला. गोरखला खोकला आला. शेफालीनं एकदा सखूबाईकडं पाहिलं, एकदा सगळ्यांकडं, आणि तिची नजर त्या मोकळ्या जागेवरून चंद्राबाईवर येऊन थांबली.

दोषी बाईचं काम करायला पुण्याची एक नटी आली होती. पण सड्यावर सकाळच्या दहिवरानं शेवाळ ओलं होतं. तिचा पाय घसरला, घोटा सुजला आणि तिला गाडीत घालून खाली न्यावं लागलं. आता काय करायचं? ऊन सरकत होतं, निर्मात्याचे फोनावर फोन येत होते. शेफाली थोडा वेळ डोकं धरून बसली. मग उठून थेट चंद्राबाईपुढं आली.

"काकू, तुम्ही उभ्या राहाल का? बोलायचं काहीच नाही. फक्त उभं राहायचं आणि लोकांकडं बघायचं."

"ह्यांच्याकडं?"

"हो. अवघड आहे का?"

"सवय हाय," चंद्राबाई म्हणाली आणि उठली.

गोरख लगबगीनं मधे आला. "मॅडम, काकी नको. म्हंजी... दुसरी कुनीबी घ्या."

"का?" शेफालीनं विचारलं. गोरख अंगरख्याची बाही ओढत राहिला. तेव्हा चंद्राबाई पत्र्याच्या चौथऱ्यावर चढून उभी राहिली.

खरं सांगायचं तर तिला वाटलं होतं, नाटकच आहे, निभावून नेऊ. पण समोर सगळी वाडी उभी होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. इतक्या दिवसांत वाडीनं तिच्याकडं एवढं सरळ पाहिलं नव्हतं. ती नळावर गेली की नजरा घागरीत जायच्या. आता शेफालीनं सांगितलं म्हणून सगळे बघत होते. तिला रडू फुटेल असं वाटलं आणि त्याचा तिला संताप आला.

कामाची रीत सोपी होती. एकेकानं पुढं यायचं, परातीतून मूठभर पूड घ्यायची, चौथऱ्यापुढं येऊन म्हणायचं, 'मी पाहिलं आहे. ही दोषी आहे,' आणि मूठ अंगावर टाकायची. मिशा झुपकेदार म्हणून हरिबाला पहिला नंबर दिला होता.

पूड परातीत काढली गेली आणि वारा वाडीच्या बाजूला वळला. हळदीचा वास आला. हरिबानं मान वर केली.

"ही कुठनं आणली?" त्यानं सामान सांभाळणाऱ्या पोराला विचारलं.

"जेजुरीहून. पोत्यानं तिथंच मिळते ना," ते पोर म्हणालं. शहरातलं पोर ते. पिवळी पूड हवी होती, जिथं ढिगानं मिळते तिथून त्यानं आणली. त्यात त्याचं काय चुकलं?

हरिबा पुढं आला. परातीत हात घातला, मूठ भरली, आणि सत्तर वर्षांच्या सवयीनं ती मूठ आधी कपाळाला लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "येळकोट येळकोट" म्हणालं आणि दुसऱ्या कुणीतरी ते पुरं केलं.

"कट," शेफाली म्हणाली. "आबा, कपाळाला नाही लावायचं. राग दाखवायचा आहे. पुन्हा करू."

हरिबानं पुन्हा मूठ भरली. चौथऱ्यापुढं आला. चंद्राबाई त्याच्याकडं बघत होती. त्याचे ओठ हलले, 'मी' एवढं आलं आणि पुढं काही येईना. मूठ तशीच वर राहिली. वाऱ्यानं बोटांच्या फटीतून थोडी पूड उडाली आणि त्याच्याच मिशांवर बसली.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हे मला जमायचं न्हाई."

"वाक्य आठवत नाही का?"

"वाक्य पाठ हाय. पन हातात भंडारा हाय. भंडारा उचलून म्हनायचं की म्या पायलं. म्या कुठं पायलंय?"

शेफालीला समजेना. तिनं गोरखकडं पाहिलं. गोरखनं सांगितलं की आमच्यात भंडारा उचलणं म्हणजे शपथ घेणं. भांडण विकोपाला गेलं, कोर्टकचेरीनंही मिटलं नाही, की देवापुढं भंडारा उचलायला लावतात. खोटं बोलायचं असेल तर माणूस हात मागं घेतो. घेतोच. मग तो हसत म्हणाला, "पन हे नाटक हाय, तात्या. नाटकात काय!"

"भंडारा नाटकातला न्हाई," हरिबा म्हणाला.

"मग तुम्हीच करून दाखवा ना, गोरखदादा," शेफाली म्हणाली. ती हे सहजच म्हणाली, ऊन चाललं होतं म्हणून. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. पण खोच लागायची तिथं लागली.

गोरख पुढं आला. हसतच आला. मूठ भरली आणि चुलतीपुढं उभा राहिला. ह्याच पोराला तिनं तान्हा असताना, त्याची आई आजारी होती तेव्हा, म्हशीचं दूध बोंडल्यानं पाजलं होतं. तो आता तिच्याहून वीतभर उंच होता, तरी चौथरा असल्यामुळं त्याला वर बघावं लागत होतं.

"मी पाहिलं आहे," तो म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "मी... मोबाईलवर..." मग तो मुठीकडं बघत राहिला, आणि वळून त्यानं ती पूड परातीत परत सोडली. हात झटकला नाही. चोळत चोळत मागं गेला.

सखूबाईनं तेवढ्यात रांग मोडली. गुडघ्यावर हात देत देत आली, मूठ बिठ काही भरली नाही. नुसतं बोट बुडवलं, चौथऱ्याला हात पुरेना म्हणून चंद्राबाईला म्हणाली, "वाक गं जरा." चंद्राबाई वाकली. सखूबाईनं ते बोट तिच्या कपाळाला लावलं आणि आल्या पावली जाऊन बसली. चंद्राबाईला मग रडू आवरलं नाही. ती रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही. किती महिन्यांनी तिच्या अंगाला कुणाचा हात लागला होता.

शेफाली खडकावर बसून होती. गोरखकडून तिनं हळूहळू सगळं काढून घेतलं. व्हिडिओ, मतदान, आकडा, सगळं. ऐकून झाल्यावर ती नखानं खडकावरचं शेवाळ खरवडत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. निर्माता असावा. ती दूर जाऊन बोलली, परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"पूड राहू द्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी आपापले मोबाईल हातात घ्या. पडदा चंद्राबाईंकडं करा. मी हात खाली केला की सगळ्यांनी एकदम म्हणायचं, 'दोषी.' जमेल?"

जमलं. पहिल्याच वेळेला जमलं. सगळे हात वर गेले, सगळे पडदे उजळले, आणि "दोषी!" असा आवाज उठला की खालच्या अंगाची कुत्री भुंकायला लागली. दुसऱ्यांदा आणखी जोरात झालं. तिसऱ्यांदा शेफालीला नकोच होतं, पण लोकांनीच म्हटलं, आणखी एक करू, मजा येतेय. हरिबाकडं मोबाईल नव्हता. कुणीतरी त्याच्या हातात दिला, तर तोही ओरडला. ओरडून झाल्यावर त्यानं मोबाईल उलटसुलट करून पाहिला आणि ज्याचा त्याला देऊन टाकला.

चंद्राबाई चौथऱ्यावरून हे बघत होती. माणसं तीच होती. मघाशी ज्यांना एक शब्द फुटत नव्हता, त्यांनी आता घसे फोडले होते. तिला त्यांचा राग यायला हवा होता, तो आला नाही. तिला फक्त कळलं की ही माणसं वाईट नाहीत, आणि ते कळून तिला उलट जास्त भीती वाटली.

काम संपलं. खांबांवरचे दिवे एकेक करून काढायला लागले. शेफाली तिच्याजवळ आली.

"काकू, मला माहीत असतं तर मी तुम्हाला उभं केलं नसतं."

"म्हनून बरं झालं माहीत न्हवतं ते," चंद्राबाई म्हणाली. "तुमच्या गोष्टीत पुढं काय हुतं? त्या बाईचा दिवा परत लागतो का?"

"लागतो. शेवटच्या भागात लोकांना पश्चात्ताप होतो. पण कसा होतो ते मला लिहिता येत नाहीये. दोनदा लिहून खोडलं. आज पहिल्यांदा बघितलं." तिनं खांबावरून उतरवलेल्या एका दिव्याकडं पाहिलं. "आणि बघूनसुद्धा मी ते बंद केलं आणि मोबाईल वर करायला सांगितलं."

"तुमचं पोट हाय त्यावर," चंद्राबाई म्हणाली. मग परातीकडं बोट दाखवून तिनं विचारलं, "ह्यातला थोडा मला मिळंल का?"

रविवारी खंडोबाच्या देवळात गावकी बसली. जुन्या पद्धतीप्रमाणे पुरुष सतरंजीवर आणि बाया पायरीवर. इकडचं तिकडचं झालं आणि हरिबानं विषय काढला, "गाड्या थांबत्यात ती जागा. आता व्हिडिओचं सगळ्यांला ठावं हाय. काय ते हात वर करून सांगा."

"थांबा," चंद्राबाई म्हणाली. ती पायरीवरून उठली आणि पदराखालचं ताट सतरंजीवर मधोमध ठेवलं. ताटात भंडारा होता. "हात वर करा. मला कायबी म्हनायचं न्हाई. पन आधी हात ह्यात बुडवा आनि मंग वर करा."

कुणी हललं नाही. एकानं पागोटं सारखं केलं, एकाला बाहेर गुरं बघायची आठवण झाली, तो उठला आणि पुन्हा बसला. मग गोरख उठून आला, ताटापुढं बसला आणि त्यानं बोटं बुडवली.

"म्या पायलं न्हाई," तो म्हणाला. "कुनीच पायलं न्हाई. मतदान म्या लावलं." आणि चुलतीकडं न बघता तो म्हणाला, "काकी, ग्रुपवर सांगतो म्या. आत्ताच सांगतो."

"ते सांग नायतर नको सांगू," चंद्राबाई म्हणाली. पण तिचा आवाज घट्ट राहिला नाही.

"मंग जागा चंद्राकडंच," हरिबा म्हणाला. "कुनाचं काय म्हननं?" कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सुटल्यासारखं सगळ्यांनी पाय मोकळे केले. एवढ्यात हरिबाच म्हणाला, "पन चंद्रे, आळ तुझ्यावर हुता. आमाला उचलाय लावलास, तूबी उचल. रीत हाय."

त्यात वावगं काही नव्हतं. चंद्राबाई ताटापुढं बसली आणि तिनं मूठ भरली. "ते पानी म्या पारडाच्या आंबोनात घातलं," ती ठणकावून म्हणाली. "ताकात कवाच न्हाई. ह्यो देव साक्ष."

"झालं," हरिबा म्हणाला. मग पुजाऱ्यानं म्हणायचं ते तो सवयीनं म्हणाला. कुणीही भंडारा उचलला की तो हेच म्हणतो, आणि कुणी ते कधी फारसं ऐकत नाही. "आनि कुनाबद्दल काय खोटं बोलली असशील, तर हात झटकायच्या आधी बोलून घे."

चंद्राबाई हात झटकणार होती. हात ताटावर गेलाही होता. आणि तिथंच तो थांबला.

तिला टेम्पोचा हॉर्न आठवला. पहाटे वळणावर सोनबा दोनदा वाजवायचा, म्हणजे बाया चरव्या घेऊन रस्त्याला यायच्या. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता, तेव्हा वेल्ह्याहून औषध सोनबाच आणायचा. दुधाच्या कॅनमागं गोणपाटात गुंडाळून, फुटू नये म्हणून. त्या मतदानाच्या दिवशी मोबाईल हातात होता, भाकरी तव्यावर होती, सगळ्यांची नावं 'नाही'त दिसत होती, आणि तिनं अंगठा दाबला. भाकरी उलटावी एवढाही वेळ लागला नव्हता. पाणी मिसळताना तिनं पाहिलं होतं? नव्हतं. कुणी पाहिलं होतं? तिनं विचारलंही नव्हतं.

"काय झालं गं?" सखूबाईनं विचारलं.

"काय न्हाई," चंद्राबाई म्हणाली. पण हात तिनं झटकला नाही. तशीच ती उठली, मुठीतला भंडारा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि देवळाबाहेर पडली. जागा मिळाली म्हणून बाया तिला हाक मारत होत्या. तिनं हात हलवला आणि ती उताराला लागली.

वेल्ह्याच्या स्टँडवर भोरला जाणारी एसटी उभी होती. ती चढली. सबंध वाटभर तिनं पदराची गाठ मुठीत धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय सोनंबिनं हाय का काय?" तिनं नुसतं कापूरहोळचं तिकीट मागितलं.

कापूरहोळच्या फाट्यावर ढाबे आहेत, गॅरेजं आहेत. एका ढाब्यावर विचारून ती फाट्यासमोरच्याच एका पत्र्याच्या शेडपाशी आली. ट्रकचं चाक आडवं टाकून सोनबा त्यावर वाकला होता. दाढी वाढलेली, मनगटापर्यंत हात काळे. अंगावर सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं. पहिल्यांदा ओळखलं नाही, आणि ओळखलं तेव्हा तो हातातला पाना खाली ठेवून सावकाश उभा राहिला.

"वयनी?"

चंद्राबाईनं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं. तिनं गाठ सोडली, भंडारा मुठीत घेतला आणि तो पिवळा हात त्याच्यापुढं धरला. सोनबा खालच्या गावचा असला तरी भंडारा हातात घेतलेल्या माणसाचं काय असतं, ते त्याला सांगावं लागलं नाही.

"सोनबा," ती म्हणाली, "म्या पायलं न्हवतं. तरी अंगठा दाबला. तू तसलं कायबी केलं न्हाईस. दुधाच्या गाडीत माझ्या मालकाचं औषद आनायचास तू."

सोनबानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं पाहिलं. एसटी चहाला थांबली होती, अजून फाट्यावरच उभी होती. तिचं दार उघडं होतं. तो त्या दाराकडं बघत राहिला. एक माणूस पिशवी घेऊन उतरला, तो कुणी दुसराच होता. मग दार लागलं आणि गाडी भोरच्या रस्त्याला वळली.

"एकट्याच आलाव?" त्यानं विचारलं.

"व्हय. एकटीच."

त्यानं मान हलवली. चिंधीनं हात पुसले, पुसून निघण्यासारखे ते नव्हते. शेडमधलं लाकडी बाकडं बाहेर ओढून रस्त्याकडं तोंड करून ठेवलं.

"बसा," तो म्हणाला. "तिनाला वेल्ह्याकडनं अजून एक गाडी येतीया. बघू, कोन उतरतंय."

चंद्राबाई बसली. मुठीतला भंडारा तिनं तसाच धरून ठेवला. सोनबा तिच्या शेजारी बसला, आणि दोघं वेल्ह्याच्या वाटेकडं बघत राहिले.